रुईवरचा लाल-काळा ढेकूण: ओळख, वर्गीकरण आणि किनाऱ्यावरची नोंद

कोकणात 'ढेकण्या' म्हटलं की बागायतदाराला आधी काजूचा मोहोर करपवणारा ढेकण्या आठवतो आणि भातवाल्याला लोंबीतलं दूध शोषणारा. रुईच्या बोंडावर घोळक्याने बसलेले लाल-काळे ढेकूण या दोघांच्याही खिजगणतीत नसतात. पिकाला फारसा त्रास नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून नोंद नाही. ही नोंद तुम्ही स्वतः कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो. मोबाइल, दहापट मोठं दाखवणारं एक भिंग, काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची डबी आणि थोडा धीर एवढं भांडवल पुरेल.

हा ढेकूण बियांवर जगणाऱ्या लायगिइडी कुळातला. प्रजाती (इंग्रजीत जीनस) स्पायलोस्टेथस. आपल्याकडे तिच्या दोन जातींची गाठ सोडवावी लागते: स्पायलोस्टेथस पांडुरस आणि स्पायलोस्टेथस होस्पेस. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. पुरावा नसताना जातीचं नाव ठोकून देण्यापेक्षा प्रजातीवर थांबलेली नोंद कितीतरी उपयोगी. चुकीचं नाव नकाशावर एकदा बसलं की ते उठवायला वर्षं जातात.

पायरी १: झुडूप आणि वेळ

रुई शोधावी लागत नाही. पुळणीच्या वरच्या अंगाला, सुरूच्या बनाबाहेर, एसटी थांब्यामागे, चिरेखाणीच्या काठाला, सड्यावरच्या गडग्याला लागून ती असतेच. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणारा माणूस गाठलात तर गावातली झुडपं तो तोंडपाठ सांगेल. खारफुटीच्या चिखलात मात्र ती मिळणार नाही. खाडीकाठी जायचं तर बांधाच्या कोरड्या बाजूने चाला.

फुलं बहुतेक वर्षभर असतात, पण आपल्याला हवीत बोंडं. थंडी सरता सरता ती तडकू लागतात आणि म्हाताऱ्या उडायला लागतात. तेव्हापासून पावसाच्या तोंडापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. सकाळी लवकर जा. ऊन चढलं की ढेकूण पानांखाली, खोडाच्या सावलीच्या बाजूला किंवा बुंध्याजवळच्या पाचोळ्यात शिरतात. तडकलेल्या बोंडाच्या आत डोकावायला विसरू नका. पुष्कळदा बाहेर एकही दिसत नाही आणि आत कापसात दहाबारा बसलेले असतात.

रुईच्या चिकाबद्दल गावात सगळ्यांना ठाऊक असतं, तरी फोटोच्या नादात भान राहत नाही. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येते आणि नजर धूसर होते. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. बोंड तोडायचं असेल तर चष्मा लावा, हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका आणि चीक गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पोरांना बरोबर नेत असाल तर हे त्यांना निघण्यापूर्वी सांगा.

ढेकणाची भीती मात्र नको. हा रक्त शोषत नाही. चिमटीत दाबलात तर उग्र वास सोडेल, क्वचित सोंड टोचेल. म्हणून बोटांऐवजी मऊ ब्रशने डबीत ढकला.

पायरी २: हा ढेकूणच आहे ना?

लाल-काळा रंग पाहून नाव द्यायला जाल तर फसाल. रुईच्या पाल्यात विष असतं आणि ते खाऊन अंगात साठवणारे कीटक भडक रंग मिरवतात. बिबळ्या कडवा या फुलपाखराची पट्टेदार अळी याच झाडावर असते, पिवळाधमक मावाही इथलाच. आपल्या ढेकणाचा लाल रंगही पक्ष्यांना दिलेला इशारा आहे. हृदयावर परिणाम करणारी रुईतली द्रव्यं त्याच्या लायगिइनी उपकुळातले ढेकूण पचवतात आणि अंगात साठवतात. एकाच इशाऱ्याचा फायदा बरेच जण उचलतात, त्यामुळे एकमेकांशी नातं नसलेले कीटकही सारखे दिसतात.

म्हणून रंग बाजूला ठेवून बांधणी बघा. पाठीवर पंख एकमेकांवर फुलीसारखे आडवे आले आहेत का? पंखाचा पुढचा भाग जाड, चामड्यासारखा आणि टोकाकडचा भाग पातळ पडद्याचा आहे का? तोंडाखाली सरळ सोंड पोटाला लागून मागे दुमडलेली आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' आली की गण हेमिप्टेरा, उपगण हेटेरोप्टेरा इथवर पोचलात. पाठीच्या मधोमध सरळ रेघेत जुळणारी दोन कठीण कवचं दिसली तर तो भुंगेऱ्यांच्या गोतावळ्यातला, त्याला सोडून द्या.

आता शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांची, कांडी मोजा. चार हवीत. पाच कांडी आणि पाठीवर मोठी त्रिकोणी ढाल दिसली तर तो बहुधा पेंटाटोमिडी कुळातला, ज्याला घाण वासामुळे लोक नावं ठेवतात तो. सोंड आखूड आणि बाकदार असेल तर तो शिकारी ढेकूण. त्याला हातात घेऊ नका, त्याचा डंख चांगलाच झोंबतो.

पायरी ३: कुळ. इथे घाई नको

सगळ्यात जास्त घोटाळा लाल ढेकणांशी होतो. डिस्डर्कस प्रजातीचे हे ढेकूण विदर्भ-मराठवाड्यात कापसावर कुप्रसिद्ध आहेत. कोकणात कापूस नाही, पण भेंडी आहे, काटेसावर आहे, किनाऱ्यावर भेंडाची झाडं आहेत, आणि ही सगळी कापसाच्याच कुळातली. सावरीखाली पडलेल्या बोंडांवर लाल ढेकणांचे थवे दिसतात ते बहुधा हेच. त्यांचं कुळ पायरोकोरिडी. ते बियाच शोषतात, रंगही लालच, आणि जोड्या तशाच पाठीला पाठ लावून तासन्‌तास फिरतात.

फरक डोक्यावर आहे. प्रौढ लायगिइडी ढेकणाच्या डोक्यावर, दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांच्या मधल्या भागात मागच्या बाजूला, चकचकीत मण्यांसारखे दोन अगदी बारीक साधे डोळे असतात. पायरोकोरिडी कुळात ते नसतात. भिंगातून किंवा मोबाइलच्या मॅक्रो फोटोत ते दिसतात, पण वरून सपाट उजेडात काढलेल्या फोटोत हरवून जातात. उजेड एका बाजूने तिरका पडू द्या आणि डोकं पुढून थोडं वरच्या कोनातून टिपा. मणी चमकला की काम झालं.

दुसरी खूण पंखाच्या पडद्यावर. लायगिइडीच्या पडद्यावर चारपाच साध्या शिरा असतात, पायरोकोरिडीच्या पडद्यावर सातआठ आणि त्यांना फाटे फुटलेले. आपल्या ढेकणाचा पडदा गडद असल्याने शिरा मोजणं कटकटीचं आहे, म्हणून माझा भर साध्या डोळ्यांवर. डिस्डर्कसची दुरून पटणारी खूण हवी असेल तर डोक्यामागची पांढरी कॉलर, जाड पंखावर प्रत्येकी एक काळा ठिपका आणि पोटाकडून लाल-पांढरे आडवे पट्टे बघा. असे पांढरे पट्टे रुईवरच्या ढेकणाच्या पोटावर नसतात.

डिस्डर्कसच्या घोळक्यात कधी एखादा धिप्पाड लाल ढेकूण दुसऱ्याला सोंडेवर धरून बसलेला दिसतो. तो अँटिलोकस. पायरोकोरिडी कुळातलाच, पण आपल्याच भाऊबंदांना शोषून खाणारा. दिसला तर फोटो घ्याच, भेंडीवाल्यांचा तो मित्र आहे.

लायगिइडी कुळातच आणखी एक सोयरा किनाऱ्यावर भेटू शकतो: ग्रॅप्टोस्टेथस. त्याची ओढ मर्यादवेलीच्या कुळातल्या वेलींकडे. पुळणीवर रुई आणि मर्यादवेल शेजारी शेजारी असतात, म्हणून ढेकूण नेमका कशावर बसला होता हे लिहिलं नाही तर पुढे डोकं खाजवत बसावं लागतं.

पायरी ४: जात. पांडुरस की होस्पेस?

दोन्ही जाती साधारण एक ते दीड सेंटीमीटर लांब. दोन्हींचा रंग लाल-नारिंगी, डोक्यामागच्या ढालीवर म्हणजे प्रोनोटमवर काळ्या उभ्या पट्ट्या, मधला छोटा त्रिकोण म्हणजे स्कुटेलम काळसर, आणि जाड पंखावर काळे डाग. होस्पेसच्या पाठीवरच्या नक्षीत चेहरा दिसतो म्हणून परदेशातल्या हौशी मंडळींनी 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या पात्रावरून त्याला 'डार्थ मॉल बग' म्हणायला सुरुवात केली. चेहरा शोधायला मजा येते, पण जात ठरवायला तो कामाचा नाही.

बघायचं ते पंखाच्या टोकाकडच्या पडद्यावर. पांडुरसच्या गडद पडद्यावर बहुतेकदा मध्यभागी ठळक पांढरा ठिपका असतो. होस्पेसचा पडदा काळा, असा ठिपका नसलेला. पांढरा ठिपका स्वच्छ दिसला तर पांडुरसकडे झुकायला हरकत नाही. उलट बाजूने मात्र सांभाळून. पांडुरस मोठ्या प्रदेशात पसरलेला आहे, जागोजागी त्याचे ठिपके कमीजास्त होतात आणि त्यावरून त्याच्या उपजातीही पाडल्या गेल्या आहेत. म्हणून 'ठिपका नाही' एवढ्यावर होस्पेस लिहू नका. पडद्यासोबत प्रोनोटमचा वरून फोटो, बाजूने एक फोटो आणि डबीच्या तळातून पोटाचा फोटो असा संच जोडा. पांडुरसच्या प्रोनोटमवरच्या दोन काळ्या पट्ट्या किंचित नागमोडी असून पुढेमागे एकमेकींना जुळतात. सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवत असतील तरच जात लिहा.

पडद्याचा फोटो फुकट जातो तो मिलनाच्या जोड्यांमुळे. जोडी दिसली की सगळे जोडीचाच फोटो काढतात आणि पंखांची टोकं एकमेकांखाली झाकली जातात. शेजारचा एकटा शोधा.

पायरी ५: पिल्लं

या ढेकणांत कोश नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाच अवस्थांतून कात टाकत प्रौढ होतं. पिल्लं लालभडक, पंख नसलेली. शेवटच्या अवस्थांत खांद्यामागे पंखांच्या काळ्या कळ्या ठळक दिसतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पिल्लांना साधे डोळे नसतात, त्यामुळे पायरी ३ ची कसोटी त्यांना लावून 'पायरोकोरिडी' असा निकाल देऊ नका. आणि पडदाच नसल्याने पायरी ४ सुद्धा त्यांना लागू नाही.

पिल्लाची जात हवीच असेल तर ते वाढवा. पंखांच्या कळ्या मोठ्या झालेलं एखाददुसरं पिल्लू बरणीत ठेवा, सोबत त्याच झुडपाच्या ताज्या बिया आणि ओला कापसाचा बोळा द्या. तोंडाला मलमलीचा कपडा बांधा. आपल्याकडच्या दमट हवेत बरणीला लगेच बुरशी धरते, म्हणून बोळा आणि बिया वरचेवर बदला आणि बरणी बंद कपाटात ठेवू नका. कात टाकल्यावर ढेकूण फिका असतो. रंग पक्के झाल्यावर फोटो घ्या आणि त्याला त्याच्याच झुडपावर नेऊन सोडा.

पायरी ६: नाव लिहिताना

पूर्ण नाव असं लिहितात: स्पायलोस्टेथस पांडुरस (स्कोपोली, १७६३) आणि स्पायलोस्टेथस होस्पेस (फॅब्रिशियस, १७९४). कंसाला अर्थ आहे. वर्णन करणाऱ्याने ती जात मूळ दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती, नंतर ती हलवली, हे कंसावरून कळतं. स्कोपोलीने पांडुरसला घातलं होतं सायमेक्स या प्रजातीत, म्हणजे खाटेतल्या ढेकणाच्या पंक्तीत. त्या काळी सगळेच ढेकूण त्या एका पंक्तीत जेवत. फॅब्रिशियसने होस्पेसला लायगिअसमध्ये ठेवलं. स्पायलोस्टेथस ही प्रजाती स्वीडनच्या कार्ल स्टाल यांनी १८६८ मध्ये मांडली.

ही वंशावळ नुसती शोभेची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम डिस्टंट यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या ढेकणांचं मोठं काम केलं तेव्हा हे सगळे लायगिअस या नावाखाली होते. 'मिलिटारिस' हे नावही जुन्या लिखाणात पांडुरसच्या जागी भेटतं. जुनी नोंद शोधायची तर लायगिअस होस्पेस, लायगिअस मिलिटारिस, लायगिअस पांडुरस अशी तिन्ही नावं घालून शोधा, नाहीतर निम्मा इतिहास हाती लागणार नाही.

कुळाच्या पातळीवरही उलथापालथ झाली आहे. १९९७ मध्ये थॉमस हेन्री यांनी जुनं अवाढव्य लायगिइडी कुळ तपासून त्यातले अनेक गट स्वतंत्र कुळं म्हणून वेगळे मांडले. भेंडी-कापसाच्या बियांवरचा बारकासा ऑक्सिकॅरिनस आज ऑक्सिकॅरिनिडी कुळात जातो, मोठ्या डोळ्यांचा जिओकोरिस जिओकोरिडीत. मराठी-इंग्रजी कृषी पुस्तकांत अजून ते लायगिइडीत दिसले तर पुस्तक जुन्या मांडणीचं आहे इतकंच समजा. आपल्या ढेकणाचा पत्ता मात्र कायम आहे: महाकुळ लायगिऑइडिया, कुळ लायगिइडी, उपकुळ लायगिइनी.

पायरी ७: ठिकाण आणि पल्ला

पांडुरसचा पसारा दक्षिण युरोप आणि आफ्रिकेपासून पश्चिम आशियामार्गे भारतापर्यंत आणि पुढे पूर्वेकडे. होस्पेस भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, दक्षिण चीन, जपानची दक्षिणेकडची बेटं आणि थेट ऑस्ट्रेलिया-न्यू कॅलेडोनियापर्यंत. हे दोन पसारे आपल्या उपखंडात एकमेकांवर येतात. त्यामुळे युरोपातला माणूस नकाशा बघून 'इथे पांडुरसच असणार' म्हणू शकतो, मालवणचा माणूस म्हणू शकत नाही. आपल्याला पडदा बघावाच लागतो.

मोबाइलवर नोंद करताना अक्षांश-रेखांश दशांशाच्या चार घरांपर्यंत ठेवा. चौथं घर म्हणजे साधारण ११ मीटरचा फरक. गावाचं नुसतं नाव पुरत नाही. गुहागर लिहिलं तर बाजारपेठ की पुळण की वरचा सडा? तिन्हीकडची झाडी वेगळी. वहीत एक ओळ अशी ठेवा: तारीख, वेळ, जागा, झाड, झाडाची अवस्था, प्रौढ किती, पिल्लं किती. 'पुळणीची वरची कड, रुई, चार बोंडं तडकलेली, प्रौढ सहा, पिल्लं वीसच्या आसपास' एवढी ओळ दहा देखण्या फोटोंइतकी मोलाची.

एकट्याने सबंध किनारा होणार नाही. महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर धरला जातो. चारपाच जण असाल तर तालुक्यांऐवजी खाड्यांनी वाटून घ्या: वैतरणा, वसई, धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कर्ली, तेरेखोल. दोन खाड्यांमधल्या प्रत्येक तुकड्यात एक पुळण, एक सडा आणि एक रस्त्याकडेची जागा बघितली तर तुलना करता येते. किनाऱ्यावरून आत घाटपायथ्यापर्यंत एक आडवी फेरी झाली तर उत्तम.

आणि न दिसल्याची नोंद. हीच कोणी करत नाही. पाऊण तास झुडपं धुंडाळली, बोंडं उघडून पाहिली, ढेकूण नाही: हे तारखेसह लिहा. आजच्या नकाशांवर ठिपके जिथे गर्दीने दिसतात तिथे मुंबई-पुण्याचे पर्यटक आणि महाविद्यालयं असतात. रिकाम्या जागी ढेकूण नाहीत की फक्त कोणी गेलं नाही, हे फोटोंवरून कळत नाही. तुमच्या वहीतल्या 'नाही' वरून कळतं.

फणसाडसारख्या अभयारण्यात जाल तर फोटोपुरतं ठीक, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय कीटक गोळा करू नका.

पायरी ८: नोंद चढवताना

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांपैकी जे सोपं वाटेल ते वापरा. एका ढेकणाचे सगळे फोटो एकाच नोंदीत घाला आणि दोन वेगवेगळे ढेकूण एका नोंदीत मिसळू नका. झाडाचा एक फोटो जोडा. आयनॅचरलिस्ट फोटो पाहून आपणहून नाव सुचवतं. ती सूचना आहे, निकाल नाही. पडदा दिसत नसेल तर 'स्पायलोस्टेथस' एवढंच भरा. फोटो, तारीख आणि ठिकाण असलेल्या नोंदीवर ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोक एकमत झाले की ती 'रिसर्च ग्रेड' होते, आणि परवाना खुला असेल तर जीबीआयएफ या जागतिक साठ्यात पोचते. म्हणून खातं उघडतानाच परवान्याची निवड तपासा. 'सर्व हक्क राखीव' ठेवलंत तर नोंद तिथेच अडकते.

मेलेला ढेकूण सापडला तर जपून ठेवता येतो. टाचणी स्कुटेलममधून, मधल्या रेघेच्या किंचित उजवीकडून घाला. खाली चिठ्ठीवर ठिकाण, जिल्हा, तारीख, झाड आणि तुमचं नाव. स्पिरिटमध्ये ठेवू नका, लाल रंग उतरतो. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी लागतेच.

नोंद टाकल्यावर गावातून हमखास प्रश्न येतो: फवारायचं का? रुईवर फवारून काही साधत नाही. हे ढेकूण तीळ-सूर्यफुलावर जातात हे खरं, पण आपल्या काजूवरचा ढेकण्या हेलोपेल्टिस, कुळ मिरिडी. भातावरचा लेप्टोकोरायझा, कुळ अलायडिडी. त्या दोघांचा या ढेकणाशी गणापलीकडे फारसा संबंध नाही. त्यांचा त्रास असेल तर नमुना घेऊन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयाचा सल्ला घ्या.

कधी एखादा जाणकार तुमचं नाव मागे घेऊन प्रजातीवर आणून ठेवतो. वाद घालण्याआधी कोणती खूण दिसत नाही ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं: पडदा. राखून ठेवलेल्या फोटोंत तो असेल तर जोडा. नसेल तर नोंद प्रजातीवर राहू द्या आणि पुढच्या फेरीत त्याच झुडपावरचा एकटा बसलेला प्रौढ शोधून पडद्याचा फोटो घेऊन नवी नोंद करा.